पगारात आजाराची किंमत धरलेली नसते

अमेरिकन फुटबॉलमधला एखादा खेळाडू डोक्याला मार लागून मैदानात कोसळला, किंवा कुणा निवृत्त खेळाडूच्या मेंदूचा तपासणी अहवाल बाहेर आला, की ठरलेले दोन पक्ष ठरलेला वाद घालू लागतात. एक म्हणतो, असला रानटी खेळ बंदच करा. दुसरा म्हणतो, सज्ञान माणसे आहेत, धोका माहीत होता, कोट्यवधी डॉलर घेतले, आता तक्रार कसली? अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतही मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात जायचे म्हणाला की हाच वाद जेवणाच्या टेबलावर येतो. मला दोन्ही पक्ष चुकीच्या प्रश्नावर भांडताना दिसतात. माणसाने जोखमीचे काम करावे की करू नये, हे त्याचे त्याने ठरवावे. पण कामामुळे आजार जडला, तर तो कामामुळेच जडला हे सिद्ध करण्याचा बोजा कुणी वाहायचा आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे खर्च कुणी उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे: हा बोजा लीगने, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल चालवणाऱ्या एनएफएलने, आणि संघमालकांनी वाहायला हवा. खेळाडूने धोका पूर्ण समजून-उमजून पत्करला असला, तरीही.

यासाठी डेव्ह ड्युअरसनची कारकीर्द बघू. 'त्याला माहीत होते' हे वाक्य ज्या खेळाडूला सर्वांत जास्त लागू पडावे, असा तोच आहे. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचा हा मुलगा. नोटर डेम विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन 1983 मध्ये तो शिकागो बेअर्स संघात आला. पहिली दोन वर्षे राखीव खेळाडू म्हणून गेली. 1985 मध्ये टॉड बेल कराराच्या वादावरून हंगामभर खेळलाच नाही आणि स्ट्राँग सेफ्टीची जागा ड्युअरसनला मिळाली. सेफ्टी हा एरवी बचावाचा शेवटचा पहारेकरी, सर्वांच्या मागे उभा राहणारा. प्रशिक्षक बडी रायन यांच्या '46' बचावात मात्र स्ट्राँग सेफ्टीला पुढे आणून लाइनबॅकरच्या, म्हणजे पुढच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूच्या, बरोबरीने उभे करत. चेंडू सुटला रे सुटला की त्याने क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, अंगावर धावून जायचे किंवा समोरून येणाऱ्या धावपटूला तिथेच आडवे करायचे. पूर्ण वेगात सुटलेली दोन माणसे एकमेकांवर आदळतात, आणि बचावपटूचे डोके बहुतेक वेळा सर्वांत पुढे असते. त्या वर्षी बेअर्सनी 16 पैकी 15 सामने जिंकले आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडचा 46-10 असा फडशा पाडला. पुढच्या वर्षी रायन दुसऱ्या संघाकडे गेले, पण ड्युअरसनने एका हंगामात सात सॅक करून, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला सात वेळा पाडून, मागच्या फळीतल्या खेळाडूंचा विक्रम केला. तो विक्रम 2005 पर्यंत टिकला. निवडक खेळाडूंच्या प्रो बोल सामन्यासाठी चार वेळा निवड, 1990 च्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सकडून दुसरे सुपर बोल विजेतेपद, समाजकार्यासाठी 1987 चा 'मॅन ऑफ द इयर' सन्मान, अकरा हंगाम. बचावपटूला यापेक्षा भरघोस कारकीर्द क्वचितच लाभते.

निवृत्तीनंतर त्याने उपाहारगृहांना सॉसेज पुरवण्याच्या धंद्यात जम बसवला. पुढे धंदा बसला, घर गेले, संसार मोडला. त्याच काळात, 2006 पासून, तो लीग आणि खेळाडू संघटना यांच्या संयुक्त निवृत्ती मंडळावर होता. मंडळाचे सहा विश्वस्त: तीन मालकांचे, तीन संघटनेचे. खेळामुळे अपंगत्व आले असे म्हणणाऱ्या माजी खेळाडूंचे अर्ज या सहा जणांपुढे येत आणि मंजूर की नामंजूर हे तेच ठरवत. 2007 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ड्युअरसनने साक्ष दिली. आपल्या 84 वर्षांच्या वडिलांना अल्झायमर आहे, त्यांनी तीस वर्षे जनरल मोटर्समध्ये काम केले, व्यावसायिक खेळ कधी खेळले नाहीत. मग मेंदूची हानी नेमकी कशाने होते हे विचारणे रास्तच आहे, असा त्याचा सूर होता. चार वर्षांनी, 17 फेब्रुवारी 2011 रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. माझा मेंदू लीगच्या मेंदू-पेढीकडे सोपवा, अशी विनंती त्याने लिहून ठेवली होती. स्मरणशक्ती दगा देते, डोके दुखते, नजर अंधुक होते, अशा तक्रारी तो जवळच्या माणसांकडे करत असे. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदू तपासला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला गेलेला सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार त्यात स्पष्ट दिसला.

आता सांगा, या माणसाला काय माहीत होते? मंडळावर बसून तो दुसऱ्यांच्या अर्जांच्या फायली वाचत होता, म्हणजे इतर कुणाहीपेक्षा जास्त माहिती त्याच्यापाशी असायला हवी. त्या माहितीचा उगम मात्र पाहायला हवा. 1994 मध्ये लीगने मेंदूच्या इजांचा अभ्यास करायला स्वतःची समिती नेमली. तिचे प्रमुख डॉ. एलियट पेलमन सांधेविकारतज्ज्ञ होते आणि एका संघाचे डॉक्टरही. मार लागून भोवळ आलेला खेळाडू त्याच सामन्यात पुन्हा उतरला तरी फारसा धोका नाही, असे निष्कर्ष या समितीने वैद्यकीय नियतकालिकात छापले. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर वारल्यावर डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीई आढळला आणि त्यांनी त्यावरचा निबंध 2005 मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा समितीतल्या डॉक्टरांनी तो निबंध मागे घ्यायला लावण्याचा प्रयत्न केला. ड्युअरसनने साक्ष दिली त्याच 2007 साली लीगने खेळाडूंना वाटलेल्या पत्रकात म्हटले होते की, प्रत्येक इजेवर नीट उपचार झाले तर एक-दोनपेक्षा जास्त कन्कशननेही (डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्यानेही) कायमचा त्रास होतो असे व्यावसायिक खेळाडूंवरच्या संशोधनात दिसलेले नाही. दूरगामी परिणाम होतात हे लीगच्या प्रवक्त्याने मान्य केले ते डिसेंबर 2009 मध्ये. तोवर ड्युअरसनला खेळ सोडून सोळा वर्षे होत आली होती. संमती म्हणतात ती माहितीवर उभी असते. ज्याच्याकडे माहिती आहे त्यानेच ती पातळ करून दिली, तर त्या संमतीचा आधार घेण्याचा हक्क त्याला कसा उरतो?

'पैसे घेतले ना, मग?' हा युक्तिवाद पावणेदोनशे वर्षे जुना आहे आणि अमेरिकी कायद्याने तो एकदा पुरता अजमावून टाकून दिलेला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये निकोलस फारवेल नावाचा इंजिनचालक होता. सहकाऱ्याच्या चुकीने गाडी रुळावरून घसरली आणि त्याचा हात गेला. 1842 मध्ये न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी त्याचा दावा फेटाळला: जोखमीचे काम म्हणून रोजचे दोन डॉलर घेत होतास, म्हणजे जोखमीची किंमत पगारातच धरलेली होती. पुढची सत्तर वर्षे रेल्वे, खाणी आणि गिरण्यांमधले कामगार याच तर्कावर कोर्टातून रिकाम्या हाताने परत गेले. 1911 पासून विस्कॉन्सिन आणि मग एकेका राज्याने कामगार नुकसानभरपाईचे कायदे केले, ते हा तर्क मोडण्यासाठीच. आज बांधकामावर पडून जखमी झालेल्या गवंड्याला कुणी म्हणत नाही की उंचीची भीती होती तर चढलास कशाला? बचावपटूला मात्र आपण बिनदिक्कत तेच विचारतो. त्याचा पगार मोठा आहे एवढाच काय तो फरक. पगार कितीही मोठा असला तरी तो कामाचा मोबदला. शिवाय व्यावसायिक कारकीर्द सरासरी तीन-साडेतीन वर्षांची असते आणि बहुतेक करारांतली पूर्ण रक्कम हमीची नसते, हे कोट्यवधींचे आकडे तोंडावर फेकणारे सहसा सांगत नाहीत.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो. खेळ बंद करा म्हणणाऱ्यांच्या सहानुभूतीत सुखवस्तूपणा असतो. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. त्यांतल्या कित्येकांसाठी ही शिष्यवृत्ती, ही पदवी, हा पहिला करार म्हणजे घराण्याचे नशीब पालटणारी गोष्ट असते. ड्युअरसनलाही नोटर डेमचे दार फुटबॉलनेच उघडले. दुसरा जिना न बांधता हाच काढून घेणे हा कसला न्याय? शिवाय खेळ बदलता येतो. 1905 मध्ये मैदानावर तरुण मरू लागले, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्याची मुभा देणारा नियम आला. खेळ मेला नाही, उलट आजचे रूप त्याला त्यातूनच मिळाले. डार्टमथ कॉलेजने 2010 पासून सरावातले टॅकलिंग, म्हणजे अंगावर झेपावून पाडणे, बंद केले, 2016 मध्ये डार्टमथ जिच्यात आहे त्या आठ विद्यापीठांच्या सगळ्या आयव्ही लीगने हंगामातल्या सरावांपुरते तेच केले, आणि त्यांचे सामने चालूच आहेत.

विज्ञानाचा आक्षेप याहून वजनदार आहे. बॉस्टनच्या गटाने 2017 मध्ये तपासलेल्या लीगच्या 111 खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूंत सीटीई सापडला. हा आकडा जगभर फिरला आणि पुष्कळांनी त्यातून 'शंभरातले नव्याण्णव' असा अर्थ काढला. तो चूक आहे. ज्यांना त्रास होता त्यांच्याच कुटुंबीयांनी प्रामुख्याने मेंदू दान केले, त्यामुळे ही नमुन्याची निवडच एकांगी आहे. हे संशोधकांनी स्वतःच लिहिले आहे. सीटीईचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतरच होते. आणि कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने 1959 ते 1988 या काळात किमान पाच हंगाम खेळलेल्या 3,439 खेळाडूंचे मृत्यू तपासले, तेव्हा हे खेळाडू सामान्य पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात मरतात असे दिसले. या अभ्यासाचा दाखला दुसरा पक्ष फार आवडीने देतो. पण 2012 मध्ये आलेल्या त्याच अभ्यासाचा पुढचा भाग वाचावा. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू या खेळाडूंत तिप्पट होते; नुसते अल्झायमर आणि एएलएस (स्नायू निकामी करत नेणारा मज्जातंतूंचा आजार) धरले तर चौपट. आणि पुढच्या फळीत रेटारेटी करणाऱ्या लाइनमनपेक्षा वेगाने धावून आदळणाऱ्यांना, म्हणजे लाइनबॅकर, सेफ्टी आणि त्यांच्यासारख्यांना, हा धोका तीन पटींहून जास्त होता. ड्युअरसनची जागा नेमकी यातलीच. हे अंग टणक, हृदय धडधाकट आणि मेंदू मात्र पोखरला जाणे, यालाच तर व्यवसायजन्य आजार म्हणतात. संपूर्ण खात्री नाही म्हणून थांबा, हे कुणी म्हणायचे? थांबण्याचा खर्च ज्याच्या खिशातून जात नाही, त्याला ते म्हणणे सोपे आहे.

इथे मला न्यू जर्सीतले डॉ. हॅरिसन मार्टलँड हटकून आठवतात. नेवार्क ज्या एसेक्स काउंटीत येते तिथले ते वैद्यकीय परीक्षक. 1928 मध्ये त्यांनी मुष्टियोद्ध्यांवर निबंध लिहिला: वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्यांची चाल अडखळते, बोलणे जडावते, बुद्धी मंदावते. सीटीईच्या अभ्यासाची सुरुवात तिथून धरतात. याच मार्टलँडनी त्याआधी तीन वर्षे ऑरेंज गावातल्या घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या कारखान्याच्या कामगार मुलींचा प्रश्न हाती घेतला होता. घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्या रेडियमचा रंग लावत, आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरत. तशी पद्धतच त्यांना शिकवलेली होती. दात पडले, जबड्याचे हाड कुजले. कंपनीने आधी सिफिलिसचा संशय पसरवला, आणि आपणच मागवलेला हार्वर्डच्या तज्ज्ञाचा प्रतिकूल अहवाल दडपून ठेवला. त्या मुलींना इतर कारखान्यांपेक्षा बरी मजुरी मिळत होती, काम त्यांनी राजीखुशीने घेतले होते. म्हणून काय त्या दोषी ठरल्या? एकाच माणसाने तीन-चार वर्षांच्या अंतराने हे दोन्ही आजार नोंदवले. रेडियमच्या प्रकरणातून अमेरिकेतला व्यवसायजन्य आजारांचा विचार पुढे गेला. ठोशांचा आजार मात्र आठ दशके 'खेळाचा भाग' म्हणून बाजूला पडून राहिला, कारण तो होणाऱ्याला आपण कामगार म्हणत नाही.

लीगने भरपाई दिलीच की, असे यावर म्हणतात. दिली. साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडूंनी दावे लावल्यावर तडजोड झाली. सुरुवातीला 76 कोटी 50 लाख डॉलरची मर्यादा होती, न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी ती पुरेशी न वाटल्याने मान्यता रोखली, आणि आजवर एक अब्जाहून जास्त रक्कम वाटली गेली. हे मोठे काम आहे, ते मी नाकारत नाही. पण तडजोडीचा मजकूर बघा. 7 जुलै 2014 पूर्वी निवृत्त झालेलेच तिच्यात येतात. आज मैदानात असलेला एकही बचावपटू नाही. सीटीईने झालेल्या मृत्यूची भरपाई 22 एप्रिल 2015 पूर्वी मेलेल्यांसाठीच. म्हणजे ज्या आजारावरून सगळे पेटले, तोच पुढच्या मृत्यूंसाठी यादीतून गळाला. आणि स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळची बौद्धिक पातळी कमी धरून गुण मोजले जात होते. त्यामुळे गोऱ्या खेळाडूइतकेच गुण मिळाले तरी 'घसरण झालेली नाही' असे ठरवून त्यांचे अर्ज फेटाळता येत. स्टीलर्सचा बचावपटू केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट यांनी 2020 मध्ये याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. 2021 मध्ये लीगने ही पद्धत सोडायचे कबूल केले. एकविसाव्या शतकात हे लिखित सूत्र म्हणून वापरले जात होते, याचा मला आजही संताप येतो. पुरावा आणण्याची जबाबदारी आजाऱ्यावर टाकली की त्याला गाळण्याच्या चाळण्या अशाच बारीक होत जातात.

राहिला निवडीचा मुद्दा. आता तर सगळे उघड आहे, ज्याला नको त्याने खेळू नये, असे म्हणतात आणि क्रिस बोरलँडचे नाव घेतात. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा हा लाइनबॅकर. 2014 मध्ये पॅट्रिक विलिस जखमी झाल्यावर त्याला संधी मिळाली आणि पहिल्याच हंगामात त्याने शंभरावर टॅकल केले. मार्च 2015 मध्ये, चोविसाव्या वर्षी, मेंदूवरच्या परिणामांचा अभ्यास वाचून, डॉक्टरांशी बोलून त्याने खेळ सोडला. धाडसाचा आणि विचारी निर्णय. पण त्याच्यामागे विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी होती, आणि करारावर सही करताना मिळालेल्या सुमारे 6 लाख 17 हजार डॉलरपैकी तीन चतुर्थांश रक्कम त्याने परत केली. चार वर्षांच्या कराराचे एकच वर्ष झाले होते म्हणून. ज्याच्या पैशातून आईचे घर आधीच घेतले गेले आहे, त्याने ती कुठून आणायची? निवड असतेच, पण तिची किंमत प्रत्येकाला सारखी परवडत नाही. आणि बोरलँड गेला म्हणून त्याच्या जागी जो उभा राहिला त्याच्या मेंदूची जबाबदारी संपत नाही. एका अभ्यासात खेळण्याच्या दर 2.6 वर्षांमागे सीटीईची शक्यता दुप्पट होताना दिसली. म्हणजे मुद्दा एखाद्या भीषण टकरीचा, एखाद्या कन्कशनचा उरत नाही. दूरचित्रवाणीवर न दिसणारे, सरावातले, बेशुद्ध न करणारे हजारो धक्के साचत जातात. दंड आणि निलंबने फक्त दिसणाऱ्या टकरींना होतात, आणि तो दंडही बचावपटूच भरतो.

मग करावे काय? अमेरिकेच्याच इतिहासात नमुना आहे. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे काळी पडतात हे खाणमालकांच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे नाकारले. फेब्रुवारी 1969 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात चाळीस हजारांच्या आसपास खाणकामगार संपावर गेले आणि त्याच वर्षी केंद्रीय कायदा आला. दहा वर्षे खाणीत काम केलेल्याला हा आजार झाला, तर तो खाणीमुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. नाही म्हणायचे तर ते कंपनीने सिद्ध करावे. पुढे कोळशाच्या प्रत्येक टनावर कर बसवून त्यातून निधी उभा केला गेला. भारतातल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानेही व्यवसायजन्य आजारांची यादी बाळगली आणि कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसविकार तिच्यात आला. गिरणगावात त्याचे रुग्ण घरोघर होते. फुटबॉलला हेच तत्त्व लावायचे. पाच हंगाम खेळलेल्याला स्मृतिभ्रंश, पार्किन्सन किंवा एएलएस झाला, तर तो खेळामुळेच असे धरावे. निवृत्तीची किंवा मृत्यूची कुठलीही तारीख आड येऊ नये. पैसा प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून थेट कापला जावा आणि निर्णय मालकांचे प्रतिनिधी नसलेल्या मंडळाने द्यावा.

यात अशा काही जणांनाही पैसे मिळतील ज्यांचा आजार खेळामुळे नव्हता, वडिलांकडून आलेला होता किंवा वयाने आला होता. ड्युअरसनने सिनेटपुढे काढलेली शंका अगदी खरी होती, आणि एखाद्याचा मेंदू उघडून कुठला डाग कशाचा हे दर वेळी सांगता येणार नाही. खाणकामगारही विड्या-सिगारेटी ओढत होतेच. चूक दोन्हीकडे होऊ शकते. अपात्र माणसाला चार पैसे जातील, किंवा पात्र माणूस बायकोचे नाव विसरत असताना कागद गोळा करत फिरेल. वर्षाला 20 अब्ज डॉलरच्या घरात कमावणाऱ्या धंद्याने पहिली चूक सोसायला हवी. लीग आणि खेळाडू संघटनेचा सध्याचा सामूहिक करार 2030 च्या हंगामापर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटीत उत्पन्नातल्या वाट्याच्या टक्क्यांआधी हे कलम टेबलावर यायला हवे. आणि या वाटाघाटींत निवृत्त खेळाडूंना मत नसते, म्हणून संघटनेने आधी त्यांच्यासाठी त्या टेबलाशी मताधिकाराची खुर्ची मागून घ्यावी.